साडेसात अन् अठरा म्हणजे साडेपंचवीस नाही: बाहेरून मशीन मागवताना कस्टम ड्युटीचा हिशोब

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गटाची मिटिंग मागच्या हंगामात तुरीच्या पोत्यांवर बसूनच झाली. शेडमध्ये मिनी दालमिल आहे, डाळ चांगली निघते पण त्यात काळा दाणा, खडा, अर्धवट साल राहते अन् व्यापारी तेवढ्यावरच भाव पाडतो, म्हणून चीनवरून छोटा कलर सॉर्टर (रंग बघून खराब दाणा वेगळा काढणारं मशीन) मागवायचं ठरत होतं. मोबाईलवर प्रोफॉर्मा इनव्हॉइस (विकणाऱ्याचं आगाऊ बिल) उघडलेलं, सहा हजार डॉलर. एका काकांनी खिशातली सातबाराची झेरॉक्स काढली, मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले अन् म्हणाले, "काहून जी, बेसिक साडेसात अन् जीएसटी अठरा, म्हणजे साडेपंचवीसच ना? पाच लाख चाळीस हजाराचे एक लाख सदतीस हजार सातशे. झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. पण तो हिशोब चुकीचा होता, जवळपास सव्वीस हजारानं कमी. आमच्यासारख्या गटाला सव्वीस हजार म्हणजे दोन महिन्यांची मजुरी असते, अन् ती रक्कम ऐनवेळी, माल बंदरावर पडलेला असताना, कुणाच्या तरी घरातून उसनी आणावी लागते. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, गावाकडच्या कुणालाही पेन घेऊन स्वतः करता येईल असं. सीएचए म्हणजे कस्टम ब्रोकर लागतोच, पण तो सांगेल तो आकडा डोळे मिटून भरायचा अन् आपल्याला आधीच माहीत असलेला आकडा त्याच्याकडून तपासून घ्यायचा, यात लय फरक आहे.

आधी कोड, मंग बाकी सगळं

ड्युटी किती हे विकणाऱ्याच्या बोलण्यावर ठरत नाही, ते मुख्यतः ठरतं एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या प्रकाराला दिलेल्या आकड्यावर. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, भारतात पुढं दोन जोडून आठ होतात. म्हणून चीनवाल्याच्या इनव्हॉइसवर जो कोड असतो त्याचे पहिले सहा आकडे कामाला येतील (तेही त्यानं बरोबर टाकले असतील तर), शेवटचे आकडे आपल्या टॅरिफमधूनच (सरकारी ड्युटी-यादीतूनच) बघायचे.

आमच्या सॉर्टरचा कोड ८४३७ १० ००, म्हणजे बियाणं, धान्य अन् वाळलेलं कडधान्य साफ करायची, निवडायची, प्रतवारी करायची मशीनं. आता वरूड-मोर्शीकडचा कुणी संत्र्याचं ग्रेडिंग मशीन आणत असेल तर त्याला वाटेल काम तेच, कोड तोच असेल. नाही. फळं अन् अंडी यांची प्रतवारी करणारी मशीनं ८४३३ ६० मध्ये जातात. अन् याच ८४३३ मध्ये हार्वेस्टर, थ्रेशरही बसतात, त्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला. तो ऐकून बरेच लोक म्हणतात शेतीच्या मशीनला पाचच लागतो. ग्रेडिंगच्या मशीनला मात्र जुलै २०२२ पासून अठरा आहे, एकाच शीर्षकात (कोडचे पहिले चार आकडे तेच) असूनही. कडधान्याच्या सॉर्टरलाही अठराच. पाच धरून पैसे जमवले अन् अठरा लागले तर काय होतं हे सांगायची गरज नाही.

मशीन नक्की काय काम करतं हे एका कागदावर चार ओळीत लिहा, कॅटलॉग जोडा अन् ब्रोकरकडून कोड लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. लाखो रुपयांचा माल असेल अन् खरंच दोन कोडांमध्ये अडकलं असेल तर कस्टमकडून आगाऊ निर्णय म्हणजे ॲडव्हान्स रूलिंग मागायची सोय आहे, त्याचं एक प्राधिकरण मुंबईत आहे. आमच्यासारख्या एका मशीनसाठी कुणी तिथवर जात नाही, पण सोय आहे हे माहीत असावं.

कोड मिळाला की आइसगेट या कस्टमच्या साइटवर कस्टम ड्युटी कॅल्क्युलेटर आहे, त्यात कोड अन् देश टाका, कुठली ड्युटी किती टक्के ते समोर येतं. हे टक्के रोज पाठ करण्यात अर्थ नाही. बजेटमध्ये बदलतात, अन् बजेटशिवाय अधिसूचना काढूनही बदलतात.

अन् कोडसोबतच ती वस्तू आणायला परवानगी आहे का ते बघा. गावातली पोरं फवारणीचा तयार ड्रोन चीनवरून मागवायचं बोलतात, पण फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण अशी मोजकी कामं सोडून. तिथं ड्युटीचा हिशोब करून काय फायदा. बियाणं, रोपं आणायची तर प्लँट क्वारंटाइनचं परमिट आधी पाहिजे. जुनं मशीन असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचं किमतीचं सर्टिफिकेट लागतं.

किंमत कोणती धरायची

इथंच काकांचा हिशोब पहिल्यांदा घसरला. ड्युटी इनव्हॉइसच्या किमतीवर लागत नाही, माल आपल्या देशाच्या बंदरापर्यंत येईस्तोवर झालेल्या किमतीवर लागते. म्हणजे मालाची किंमत, अधिक जहाजाचं भाडं, अधिक विमा. यालाच सीआयएफ म्हणतात अन् कस्टमच्या कागदावर हीच असेसेबल व्हॅल्यू होते.

म्हणून विकणाऱ्यानं भाव कसा दिलाय ते आधी बघा. एफओबी असेल तर चीनच्या बंदरावर जहाजात चढवेपर्यंतचा खर्च त्यात आला. एक्स-वर्क्स असेल तर फॅक्टरीच्या दारातला भाव आहे, तिथून बंदरापर्यंतचं भाडं, तिकडचा कस्टमचा खर्च वेगळा जोडावा लागेल. एक्स-वर्क्सचा भाव स्वस्त दिसतो अन् माणूस तिथंच फसतो. फुकट म्हणून दिलेले स्पेअर पार्ट, जास्तीचा कॅमेरा, त्यांचीही किंमत दाखवावी लागते, फुकट आहे म्हणून कस्टमसाठी शून्य होत नाही.

डॉलरचे रुपये करताना बँकेचा किंवा गूगलचा दर चालत नाही. कस्टमचा स्वतःचा दर असतो, महिन्यातून दोनदा जाहीर होतो, अन् आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा. बिल ऑफ एंट्री (आलेल्या मालाचा कस्टमकडं भरायचा कागद) ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवशीचा आयातीचा दर धरायचा. मी खाली सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपये धरतोय.

एफओबी ६,००० डॉलर, म्हणजे ५,४०,००० रुपये.
जहाजाचं भाडं ४५,०००.
विमा वेगळा काढला नव्हता, मंग एफओबीच्या १.१२५ टक्के धरतात, ६,०७५.
एकूण असेसेबल व्हॅल्यू ५,९१,०७५.

जुनी एक्सेल शीट कुणी दिली तर त्यात इथं एक टक्का लँडिंग चार्ज जोडलेला सापडेल, तो २०१७ मध्येच गेला. तसाच खाली तीन टक्के शिक्षण सेस दिसेल, तोही २०१८ मध्ये जाऊन त्याजागी सोशल वेल्फेअर सरचार्ज आला. अशा शीट अजून फिरतात, दोन्ही ओळी खोडून टाका.

आता भाड्याबद्दल, कारण आम्ही मार खाल्ला तो इथंच. सॉर्टरच्या आधी आम्ही एक छोटं पॅकिंग मशीन आणलं होतं, तेव्हा फॉरवर्डरनं (माल वाहून आणायची सोय करणाऱ्या एजंटनं) भाड्याचं बिल वेळेवर दिलंच नाही, फोनवर नुसतं पाठवतो पाठवतो. बिल ऑफ एंट्री भरायची तारीख आली अन् भाड्याचा कागदच नाही. भाडं किती हे कागदानं कळत नसेल तर नियमानं एफओबीच्या वीस टक्के धरलं जातं. सॉर्टरच्या हिशोबात बघा, वीस टक्के म्हणजे १,०८,०००, खरं भाडं ४५,०००. त्रेसष्ट हजार जे कधी दिलेच नाहीत त्यावर साडेसतरा हजाराच्या आसपास ड्युटी जास्त. एका कागदासाठी. त्यामुळं आता आम्ही माल निघायच्या आधी फॉरवर्डरला सांगून ठेवतो, भाड्याचं बिल हातात आल्याशिवाय तुमचा पुढचा पैसा नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्या विदर्भवाल्यांसाठी, अन् ही फार कुणी सांगत नाही. आपला कंटेनर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराला उतरतो अन् तिथून रेल्वेनं नागपूरच्या इनलँड कंटेनर डेपोला येऊ शकतो, क्लिअरन्स नागपूरलाच होतो. मुंबईला चकरा नाहीत. पण बंदर ते नागपूर हे जे भाडं आहे ते असेसेबल व्हॅल्यूत धरायचं नसतं, नियमातच तसं आहे. फॉरवर्डरनं चीन ते नागपूर असं एकच भाडं, समजा सत्तर हजार, एका ओळीत लिहून दिलं तर त्यातले इकडचे पंचवीस हजार कोण वेगळे काढणार? त्या पंचवीस हजारावर विनाकारण सात हजाराच्या जवळपास ड्युटी जाते. म्हणून समुद्राचं भाडं अन् देशातलं भाडं दोन ओळीत लिहून घ्यायचं.

विमानानं छोटं काही मागवत असाल, जसं सॉर्टरचा सेन्सर, तर नियम आपल्या बाजूनं आहे. विमानाचं भाडं कितीही दिलं असू दे, एफओबीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. दोनशे डॉलरच्या सेन्सरला एकशेवीस डॉलर भाडं दिलं तरी हिशोबात चाळीस डॉलरच येतात. ब्रोकरचा कागद आला की एवढं एक तपासून बघा.

एकावर एक थर

आता काकांची दुसरी चूक. त्यांनी सगळे टक्के एकाच आकड्यावर लावले. खरं तर हे कापसाच्या गंजीसारखं आहे, खालचा थर जेवढा वाढेल तेवढा वरचा वाढतो. क्रम असा:

बेसिक कस्टम ड्युटी, असेसेबल व्हॅल्यूवर ७.५ टक्के: ४४,३३१.
सोशल वेल्फेअर सरचार्ज, बेसिकच्या १० टक्के (मालाच्या किमतीच्या नाही, बेसिकच्या): ४,४३३.
असेसेबल व्हॅल्यू, बेसिक अन् सरचार्ज, तिन्ही मिळून: ६,३९,८३९.
आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) या बेरजेवर १८ टक्के: १,१५,१७१.
भरायची एकूण रक्कम: ४४,३३१ + ४,४३३ + १,१५,१७१ = १,६३,९३५.

काकांचे १,३७,७०० अन् हे १,६३,९३५, फरक २६,२३५.

झटपट बघायचं असेल तर टक्क्यांचंच एकदा गणित करून ठेवा. बेसिक ७.५, त्यावर सरचार्ज ०.७५, मिळून ८.२५. मंग १०८.२५ चे अठरा टक्के म्हणजे १९.४८५. एकूण २७.७३५ टक्के, सीआयएफ किमतीवर. बेसिक दहा अन् जीएसटी अठरा असेल तर हाच आकडा ३०.९८ होतो. बेसिक शून्य असेल तर सरचार्जही शून्य, उरतो नुसता अठरा. म्हणूनच ज्या देशाशी भारताचा व्यापार करार आहे तिथून माल आणला अन् बेसिक माफ झाली तर फायदा बेसिकपेक्षा जास्तच असतो, पण त्यासाठी तिकडचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पाहिजे अन् २०२० च्या नियमांपासून माल खरंच तिथं बनला याची माहिती आयात करणाऱ्यानं स्वतःकडं ठेवावी लागते, नुसता कागद दाखवून भागत नाही.

काही मालावर आणखी एक थर असतो, शेती पायाभूत सुविधा सेस, तो २०२१ च्या बजेटपासून आला. मशीनला नाही लागला आम्हाला, पण हा थर समजून घ्यावा कारण आपल्या कापसाच्या अन् सोयाबीनच्या भावाशी त्याचा थेट संबंध आहे. पेपरात येतं कापसावर अकरा टक्के आयात शुल्क. हे अकरा येतात कुठून? बेसिक ५, सेस ५, अन् या दोन्हीच्या बेरजेवर दहा टक्के सरचार्ज म्हणजे १. झाले अकरा. ऑगस्ट २०२५ च्या १९ तारखेला हे सगळे अकरा माफ केले, आधी सप्टेंबरअखेर अन् मंग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडं सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली, वेचणी जोरात, बाजारात पांढरं सोनं यायला लागलं, अन् बाहेरचा कापूस बिनशुल्क. ज्याला हा हिशोब येतो त्याला कळतं की गिरणीला बाहेरची गाठ किती स्वस्त पडली. सोयाबीनचं कच्चं तेलही तसंच, ३१ मे २०२५ च्या बदलानं बेसिक वीसवरून दहा झाली, सेस पाच, दोन्हीवर सरचार्ज दीड, मिळून १६.५ टक्के. आधी तेच २७.५ होतं. हे गणित प्रत्येक शेतकरी गटात फळ्यावर लिहून शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अन् यातूनच एक सावधगिरी, ऑर्डर दिली त्या दिवशीचा ड्युटीचा दर आपल्याला मिळत नाही. बिल ऑफ एंट्री दाखल झाल्याची तारीख अन् जहाजाला बंदरात येण्याची नोंद मिळाल्याची तारीख, यातली जी नंतरची ती धरतात. जानेवारीत ऑर्डर अन् मार्चमध्ये माल असेल तर मधे १ फेब्रुवारीचं बजेट येतं. आम्ही म्हणून हिशोबावर पाच टक्के जास्तीचे धरून पैसे जमवतो.

भरलेल्यातलं परत काय मिळतं

बेसिक अन् सरचार्ज गेले ते गेले, ती मशीनची किंमतच समजा. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो, असं सगळे सांगतात. पण डाळवाल्यांनो, इथं थांबा. सुट्या डाळीवर जीएसटी नाही, अन् ज्या मालावर आपण कर घेतच नाही त्यासाठीच्या मशीनचं क्रेडिटही मिळत नाही. पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात डाळ विकली तर पाच टक्के जीएसटी लागतो अन् मंग क्रेडिटचा हक्क येतो. दोन्ही प्रकारानं विकत असाल तर क्रेडिट वाटून, तेही पाच वर्षांवर पसरून हिशोबाला येतं. आमचे १,१५,१७१ रुपये याच एका प्रश्नावर अवलंबून होते, अन् मशीन मागवायच्या आधी सीएच्या समोर बसलो नसतो तर आम्ही ते परत येणार असं धरूनच चाललो असतो. आमची बहुतेक डाळ सुटीच जाते. म्हणून तो पैसा खर्चातच लिहिला अन् पुढच्या वर्षी पाकिटाचं प्रमाण वाढवायचं ठरवलं.

कागद अन् तारखा

आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये, पॅनवरच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यात जाऊन माहिती अपडेट किंवा कन्फर्म करायची, नाही केली तर कोड बंद पडतो, बऱ्याच गटांचा याच्यानंच अडकतो. बँकेकडून एडी कोडचं (बँकेच्या परकीय चलन व्यवहाराच्या कोडचं) पत्र घेऊन ते ज्या बंदरावर किंवा डेपोवर माल सुटणार तिथं नोंदवायचं. आपल्या तालुक्याच्या शाखेत हे पत्र मागितलं की साहेब बघतच राहतात, तेव्हा जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या फॉरेक्स शाखेतून करून घ्या अन् माल निघायच्या आधीच करा.

समुद्रानं येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज बंदरावर येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढं रोज १०,०००. पाच दिवस गेले की पस्तीस हजार. ड्युटी आपण स्वतः काढून भरत असू तर बिल ऑफ एंट्री दाखल केलं त्याच दिवशी, अन् कस्टमनं तपासून चलान परत दिलं असेल तर सुट्टी सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत भरायची, नाहीतर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज, आमच्या रकमेवर दहा दिवसांचे पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे चलान भरायला दोन दिवस उशीर झाला तर जीव जात नाही, पण बिल ऑफ एंट्री दाखल करायला उशीर करू नका. ब्रोकरला कागद पाठवताना तारीख दिसेल असं पाठवा.

ड्युटीशिवाय शिपिंग लाइनचे चार्ज, डिलिव्हरी ऑर्डर, डेपोचं हँडलिंग, ब्रोकरची फी, नागपूरवरून गावापर्यंत गाडी, क्रेन किंवा हायड्रा, हे सगळं वेगळं. फ्री दिवस किती ते आधी विचारा, ते संपले की कंटेनरचं अन् जागेचं भाडं दिवसावर चढतं. आम्ही हे सगळे दर माल निघायच्या आधी एका कागदावर लेखी मागतो अन् त्यावर प्रत्येकी जीएसटी धरतो.

विकणारा हमखास एक गोष्ट म्हणेल, इनव्हॉइस कमी रकमेचं करून देतो, ड्युटी वाचेल. नको म्हणा. कस्टमकडं तशाच मशीनच्या आधीच्या आयातीचे भाव असतात, शंका आली की किंमत नाकारतात, ड्युटी वाढवून घेतात अन् लपवलेल्या ड्युटीएवढा दंडही लागू शकतो. बँकेतून गेले सहा हजार अन् इनव्हॉइस तीन हजाराचं, हे लपतही नाही, कारण माल सुटल्यावर तेच बिल ऑफ एंट्री बँकेला त्या पेमेंटसमोर दाखवावं लागतं. ते दाखवायचं विसरलं तर पुढच्या वेळी पैसे पाठवायला बँक अडवते.

कुणी नातेवाईक परदेशातून पार्सल पाठवत असेल अन् भेटवस्तू लिहिलं की ड्युटी नाही असं सांगत असेल, तर ती सूट डिसेंबर २०१९ मध्ये संपली, राखी अन् जीव वाचवणारी औषधं सोडून. घरगुती पार्सलला वेगळं शीर्षक ९८०४ लागतं अन् त्याचा दर वेगळा, त्याला आयईसी लागत नाही. पण गटाचं मशीन घरगुती म्हणून मागवू नका.

आता आमच्या शेडमध्ये फळ्यावर हा हिशोब खडूनं लिहिलेला आहे, काकांनीच स्वतः लिहिला, झेरॉक्सवरचा आकडा खोडून. पुढचं मशीन तेल काढायच्या घाण्याचं आहे, त्याचा कोड शोधणं चालू आहे.